दुसरी बाइक क्रूझर घ्यायची आहे? स्पेसिफिकेशनमधले हे आकडे आधी समजून घ्या



नोकरीला चार-पाच वर्षं झाली, १५० सीसीची पहिली बाइक अजून ठणठणीत आहे, तिचे हप्ते केव्हाच फिटलेत आणि आता रात्री मोबाइलवर क्रूझरचे रिव्ह्यू बघणं सुरू झालंय. माझ्या टीममधले निदान तिघे सध्या याच अवस्थेत आहेत. मी स्वतः सहा महिने एक्सेल शीट भरत बसलो होतो आणि शेवटी ३५० सीसीची क्रूझर घेतली. १५० ची विकली नाही. का, ते पुढे येईलच.

रिव्ह्यूंमध्ये एक गोष्ट हमखास सुटते. त्यात बाइक चांगली की वाईट एवढंच सांगतात. पण दुसरी बाइक घेताना प्रश्न वेगळा असतो: पहिली जे करू शकत नाही ते ही करणार आहे का? नाहीतर दोन-अडीच लाखांची वस्तू पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी राहते आणि तुम्ही ऑफिसला जुन्याच बाइकवर जाता.

क्रूझर म्हणजे नक्की कोणती?

यूट्यूबवर गोल हेडलाइट आणि जाड टाकी दिसली की क्रूझर म्हणून मोकळे होतात. तसं नाहीये. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आणि मिटिऑर ३५० शेजारी ठेवून बघा. दोन्हींत तेच ३४९ सीसीचं जे-सिरीज इंजिन, तीच २०.२ बीएचपी ताकद, तोच २७ न्यूटन मीटर टॉर्क. पण क्लासिकची सीट ८०५ मिमी उंचीवर आणि मिटिऑरची ७६५ वर. मिटिऑरचे फुटरेस्ट पुढे सरकवलेले आहेत, हँडल मागे रायडरकडे वळलेलं आहे. क्लासिक ही सरळ बसायची बाइक आहे आणि मिटिऑर ही क्रूझर. म्हणजे क्रूझर इंजिनावरून ठरत नाही, मापांवरून ठरते.

ही मापं अमेरिकेतल्या लांब, सरळ हायवेंसाठी जन्माला आली. आपल्याकडे सर्वसामान्यांच्या बजेटमध्ये हा प्रकार आणला २००१ च्या कावासाकी बजाज एलिमिनेटरने. मग २००२ मध्ये थंडरबर्ड आली, २००५ मध्ये एलिमिनेटरची जागा बजाज अ‍ॅव्हेंजरने घेतली, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये थंडरबर्डच्या जागी मिटिऑर ३५० आली आणि २०२३ च्या जानेवारीत सुपर मिटिऑर ६५०.

व्हीलबेस आणि ट्रेल

पुढच्या आणि मागच्या चाकाच्या केंद्रांमधलं अंतर म्हणजे व्हीलबेस. पल्सर १५० चा १३२० मिमी, मिटिऑरचा १४००, अ‍ॅव्हेंजर २२० चा १४९० आणि सुपर मिटिऑरचा १५००. शिवाय क्रूझरचा पुढचा फोर्क जास्त कललेला असतो. फोर्क ज्या अक्षावर वळतो ती रेघ मनातल्या मनात खाली जमिनीपर्यंत ओढा. ती टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे पडते. या दोन बिंदूंमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. मॉलमधली ट्रॉली ढकलताना तिची पुढची छोटी चाकं आपोआप ढकलण्याच्या दिशेने सरळ होतात ना, तेच तत्त्व. ट्रेल जास्त असला की चाक स्वतःहून सरळ राहायला बघतं.

हायवेवर हे स्वर्गसुख आहे. शेजारून ट्रक गेला, वाऱ्याचा झोत आला, तरी बाइक आपली रेघ सोडत नाही. पण हीच गोष्ट हिंजवडीच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये उलटी होते. रिक्षा आणि बसच्या फटीतून काढताना हँडल जड लागतं, यू-टर्नला पाय टेकवत दोनदा मागे-पुढे करावं लागतं. त्यात वजन. पल्सर १४८ किलो, अ‍ॅव्हेंजर १६३, मिटिऑर १९१ आणि सुपर मिटिऑर तब्बल २४१. चढावर पार्क केलेली २४१ किलोची बाइक एकट्याने मागे ढकलून बघा, मग ठरवा. मी पहिली बाइक ठेवली ती यासाठीच. रोजच्या ऑफिसला तीच.

लांब व्हीलबेस आणि खाली असलेलं वजन यांचा एक फायदा कोणी फारसं सांगत नाही. ब्रेक मारल्यावर बाइकचं वजन पुढच्या चाकावर सरकतं, पण क्रूझरमध्ये ते तुलनेने कमी सरकतं. त्यामुळे मागच्या चाकावर बरीच पकड शिल्लक राहते आणि मागचा ब्रेक साध्या बाइकपेक्षा जास्त कामाचा ठरतो. १५० वरून क्रूझरवर जाणाऱ्याला ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. अर्थात पुढचा ब्रेक सोडायचा नाही.

घाटात मात्र सांभाळून. फुटरेस्ट खाली आणि पुढे असल्यामुळे बाइक थोडी जास्त कलली की ते रस्त्याला घासतात. ताम्हिणीच्या वळणावर पहिल्यांदा तो खर्रर्र आवाज आला की काळजाचा ठोका चुकतो. वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात गेल्यावर नाही.

टॉर्कचं गणित

“एवढे सीसी असून २० च बीएचपी?” हा प्रश्न प्रत्येक कमेंट सेक्शनमध्ये असतो. सूत्र सोपं आहे: टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९५४९ म्हणजे किलोवॉटमध्ये ताकद. मिटिऑरचा २७ न्यूटन मीटर टॉर्क ४००० आरपीएमला मिळतो. म्हणजे तिथे ११.३ किलोवॉट, साधारण १५ बीएचपी. पल्सर १५० चा कमाल टॉर्क १३.२५ आहे आणि तो ६५०० ला मिळतो. ४००० ला तेवढाच मिळतो असं समजलं तरी ताकद साडेसात बीएचपीच्या वर जात नाही. निम्मी!

पण आता वजनाने भागा. दर १०० किलोमागे पल्सरला ९.३ बीएचपी आणि मिटिऑरला १०.६. फरक किरकोळ. म्हणून ३५० ची क्रूझर सिग्नलवरून उडी मारत नाही. ती गिअर न बदलता, इंजिन न ओरडता चढ चढते. ज्यांना “पिकअप” हवाय त्यांची निराशा होणार हे लिहून घ्या. सुपर मिटिऑरला मात्र दर १०० किलोमागे १९ बीएचपी मिळतात, तो मामला वेगळाच.

मग ६५० च का घेऊ नये? इथे मी भावनेपेक्षा नकाशाला विचारलं. महाराष्ट्रातले क्रूझरला सगळ्यात शोभतील असे रस्ते कोणते? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी महामार्ग, अटल सेतू. या तिन्हींवर बाइकला बंदी आहे. उरतात जुना मुंबई-पुणे हायवे, साताऱ्या-कोल्हापूरकडे जाणारा हायवे आणि कोकणात उतरणारे घाट. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी रस्त्यावरही बाइकची कमाल वेगमर्यादा ८० आहे. ८० च्या आसपास ३५० सीसीचं सिंगल सिलिंडर इंजिन आरामात चालतं. ६५० चं ट्विन त्याहून आरामात चालतं यात शंका नाही, पण त्या आरामाची किंमत पुढे बघा.

ग्राउंड क्लिअरन्स आणि माकडहाड

या दोन गोष्टी मी वेगळ्या करत नाही, कारण दोन्हींचं मूळ आपल्या स्पीड ब्रेकरमध्ये आहे.

सुपर मिटिऑरचा ग्राउंड क्लिअरन्स १३५ मिमी, मिटिऑरचा १७०, अ‍ॅव्हेंजरचा १६९. नियमाप्रमाणे बांधलेला स्पीड ब्रेकर १०० मिमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. पण गल्लीत, सोसायटीच्या गेटवर जो उंचवटा असतो तो नियमाचा नसतो, तो कोणाच्या तरी रागाचा असतो. उंच आणि अरुंद. त्यात व्हीलबेस लांब असला की दोन्ही चाकं उंचवट्याच्या दोन बाजूंना जातात आणि मधलं पोट त्यावर टेकतं. लांब फूटपट्टी छोट्या डब्यावर आडवी ठेवल्यासारखं. म्हणून नुसता क्लिअरन्स बघू नका, व्हीलबेसबरोबर बघा. मोबाइलवर फोटो काढून शोरूमला विचारण्यापेक्षा टेस्ट राइडची बाइक आपल्या सोसायटीच्या रॅम्पवर मागे कोणाला तरी बसवून नेणं उत्तम. मी तेच केलं. ६५० चं पोट बेसमेंटच्या तोंडाशी असलेल्या उंचवट्याला टेकलं आणि माझी एक्सेल शीट तिथेच बंद झाली.

आता माकडहाड. साध्या बाइकवर खड्डा आला की आपण नकळत पायांवर जोर देऊन किंचित उठतो. पाय शरीराच्या खाली असतात म्हणून हे जमतं. क्रूझरवर पाय पुढे असतात, त्यामुळे उठता येत नाही. सगळा धक्का सीटमधून थेट मणक्यात. त्यात सीट खाली ठेवायची म्हणून मागच्या सस्पेन्शनला हलायला जागा कमी. सुपर मिटिऑरमध्ये ती १०१ मिमी आहे. गुळगुळीत रस्त्यावर दिवसभर बसाल, खड्ड्यांच्या रस्त्यावर दीड तासात पाठ बोलायला लागेल. पाठीचा त्रास आधीपासून असेल तर क्रूझर घेण्याआधी दहादा विचार करा, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

दोन किलोमीटरच्या टेस्ट राइडमध्ये यातलं काहीच कळत नाही. तिथे फक्त आवाज ऐकू येतो आणि आरशात आपण बरे दिसतो. एक दिवस भाड्याने घ्या आणि निदान दीडशे किलोमीटर चालवा. नेहमी मागे बसणारी व्यक्ती सोबत न्या. माझी आई मिटिऑरवर वीस मिनिटं बसली आणि म्हणाली, “पाठीला टेकायला आहे, हे बरंय.” तो बॅकरेस्ट निर्णयातला मोठा भाग होता, मान्य करायला हरकत नाही.

३५० ची रेषा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाइकवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि ३५० च्या वर तो थेट ४० टक्के. दोन लाख मूळ किमतीवर हिशेब केला तर एकीकडे ३६ हजार कर, दुसरीकडे ८० हजार. त्यावर आरटीओचा एकरकमी कर, तोही सीसीच्या टप्प्यांनी वाढणारा.

विम्याची रेषाही तिथेच आहे. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. २०२२ च्या दरांनुसार तो ७५ ते १५० सीसीला ३,८५१ रुपये, १५० ते ३५० ला ७,३६५ आणि त्याच्या वर १५,११७, जीएसटी वेगळा.

दुसरी बाइक घेणाऱ्यांसाठी इथे एक खास गोष्ट आहे. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा हा गाडीचा नसून माणसाचा असतो. पहिल्या बाइकच्या पॉलिसीत तो चालू असेल तर दुसऱ्यांदा घ्यावा लागत नाही. शोरूममधल्या छापील कोटेशनमध्ये माझ्यासाठी तो परत लावलेला होता. जुनी पॉलिसी मोबाइलवर दाखवली आणि काढायला लावला. तुम्हीही प्रत्येक ओळ वाचा.

बजेट कमी असेल तर वापरलेली अ‍ॅव्हेंजर २२० हा मला वाटतं सगळ्यात दुर्लक्षित पर्याय आहे. सीट ७३७ मिमी, वजन १६३ किलो, सुटे भाग गल्लीतल्या मेकॅनिककडेही मिळतात. क्रूझर आपल्याला झेपते का, हे तिच्यावर स्वस्तात कळतं.

मोबाइल हँडलवर लावणार असाल तर

मोठ्या इंजिनाच्या कंपनाने कॅमेऱ्याचं नुकसान होऊ शकतं. २०२१ मध्ये अ‍ॅपलने स्वतःच हे सांगितलं होतं: जास्त ताकदीच्या बाइकच्या कंपनांमुळे आयफोनचं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस बिघडू शकतं. असं स्टॅबिलायझेशन असलेल्या अँड्रॉइड फोनची रचनाही तशीच, लेन्स हलत्या आधारावर असते. जे-सिरीज इंजिनात बॅलन्सर शाफ्ट असल्यामुळे जुन्या थंडरबर्डच्या मानाने कंपनं खूपच कमी आहेत, तरी माउंट घ्यायचा तर कंपन शोषणारा घ्या. मिटिऑरबरोबर आलेलं ट्रिपर हे छोटं गोल डिस्प्ले गूगल मॅप्सच्या आधारावर फक्त बाण आणि अंतर दाखवतं. फोन खिशात राहतो, आणि वळण कळायला तेवढं पुरतं.

उभ्या बाइकची देखभाल

दुसरी बाइक चालून कमी आणि उभी राहून जास्त खराब होते. आठवड्यातून एकदा जागेवर पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवून काही साधत नाही. स्टार्टरने खाल्लेली बॅटरी तेवढ्यात भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं ते वेगळंच. वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर चालवा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल धरतं, म्हणून पावसाळ्यात महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आत हवेला जागा उरत नाही. ऑइल किलोमीटर पूर्ण झाले नाहीत म्हणून पुढे ढकलू नका, मॅन्युअलमध्ये महिन्यांचीही मुदत दिलेली असते. शक्य असेल तर बाइक मेन स्टँडवर लावा, एकाच जागी भार पडून टायर चपटे होत नाहीत. आणि निघण्याआधी हवा तपासा. १९१ किलोच्या बाइकवर कमी हवा पहिल्याच वळणात जाणवते.