नशेच्या गाण्यात दुकानदार कुठे असतो?

भीमजयंतीच्या मंचावर शाहिरीच्या जोडीला आता रॅप आला आहे, ही आनंदाचीच गोष्ट. पण मित्रांनो, व्यसनावरचा रॅप सुरू झाला की कथा ठरलेली. बाप पितो, आईला मारतो, घर बुडते, शेवटी तिरडी. दारू विकली कोणी, त्यातून तिजोरी कोणाची भरली, हे गाण्यात येतच नाही.

हिप-हॉपने हा प्रश्न कधीच विचारला आहे. १९८३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या मेली मेल या कृष्णवर्णीय रॅपरचे ‘व्हाइट लाइन्स’ हे कोकेनविरोधी गाणे आले. (रेकॉर्डवर ‘ग्रँडमास्टर’ही छापले, म्हणून अनेकांना ते ग्रँडमास्टर फ्लॅशचे वाटते. तो तोवर वेगळा झाला होता.) नशा आधी गोड लागते आणि मग माणसाला गिळते, हे त्यात आहेच. पण पुढे तेच गाणे दाखवते की रस्त्यावरचा पोरगा तुरुंगात सडतो आणि किलोंनी माल सापडलेला व्यावसायिक जामिनावर सुटतो. तीन वर्षांनी, १९८६ मध्ये, अमेरिकेने कायदाच तसा केला. गरीब काळ्या वस्त्यांतल्या क्रॅकचे ५ ग्रॅम आणि कोकेन पावडरीचे ५०० ग्रॅम, दोन्हींना सारखीच किमान ५ वर्षांची कैद! २०१० मध्ये हे प्रमाण शंभरास एकवरून अठरास एकवर आणले. बरोबरी तेव्हाही केली नाही.

अमेरिकेला नावे ठेवण्याआधी नाणेघाटाच्या पायथ्याच्या वैशाखऱ्याकडे बघा. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात सातवाहन काळी जकात गोळा होई म्हणतात. इंग्रजांनी कर थेट मोहापर्यंत नेला. १८७८ चा अबकारी कायदा आला. मग १८९२ चा खास मोहाचा कायदा आला, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. ठाकूर-कातकऱ्यांच्या घरात मोहाचे फूल हे अन्नही होते. त्याच्या साठ्यावर आणि विक्रीवर निर्बंध आले. कारण? घरगुती दारूने सरकारचा महसूल बुडत होता. त्याच जिल्ह्यात, उरणच्या परवानाधारक भट्ट्यांत, पंचमहालातून आणलेल्या मोहाचीच दारू गाळली जात होती. मोह तोच. एकाचा गुन्हा आणि दुसऱ्याचा धंदा.

तरीही आदिवासी आणि दलित म्हणजे जन्माचे दारुडे, हे आपल्याला शाळेपासून ऐकवले गेले. समाजशास्त्रात याला कलंक म्हणतात. आपल्या गाण्यांनी तो आणखी घट्ट का करावा?

पाचवे शील पाळायचेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि तिच्यात सवलत नाही. पण शील माणूस स्वतः पाळतो, दुकानाचा परवाना सरकार देते. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेव्हा १८८० मध्ये त्यांनी दारूविरुद्ध लेखी तक्रार केली. ती पिणाऱ्यांविरुद्ध नव्हती, शहरात वाढत चाललेल्या गुत्त्यांविरुद्ध होती.