रोहिणी गोडबोले : प्रकाशाच्या कणाचं पोट उघडून दाखवणारी पुण्याची मुलगी

दहावीचा निकाल लागला की धारूरच्या घराघरांत एकच सवाल असतो, मुलीला सायन्सला टाकायचं का? त्यातही फिजिक्स म्हटलं की अम्मी-अब्बा दोघंही कचरतात. म्हणून आज आम्ही डॉ. रोहिणी गोडबोले यांची माहिती देत आहोत.

त्यांचा जन्म १९५२ चा, पुण्यातला. ज्या मुलींच्या शाळेत त्या शिकल्या तिथे सातवीपर्यंत विज्ञानाऐवजी गृहविज्ञान होतं. म्हणजे पुढे जगभर नाव झालेल्या या शास्त्रज्ञ बाईंना लहानपणी शाळेत स्वयंपाक-शिवणच शिकवलं गेलं! स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी विज्ञान वेगळं शिकावं लागलं. पुढे एस. पी. कॉलेजातून बी.एस्सी., आयआयटी मुंबईतून एम.एस्सी. आणि १९७९ मध्ये अमेरिकेतल्या स्टोनी ब्रूक इथून पीएच.डी. परत आल्यावर मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था, मग मुंबई विद्यापीठ. १९९५ पासून त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत होत्या.

त्यांचा शोध काय? फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण. त्याला आतून काही नाही, असंच आपण समजतो. पण ऊर्जा प्रचंड वाढली की हाच फोटॉन क्षणभर क्वार्क आणि ग्लुऑन या कणांच्या झुंडीसारखा वागतो. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनचे दाट झोत समोरासमोर आले की त्यांतून फोटॉन बाहेर पडतात, ते एकमेकांवर आदळतात आणि नको असलेल्या कणांचा कचरा उडतो. या कचऱ्यात खरा शोध हरवू शकतो. जर्मन शास्त्रज्ञ मॅन्युएल ड्रीस यांच्यासोबत गोडबोले यांनी हा कचरा किती होईल याचा हिशोब मांडला. आज त्याला 'ड्रीस-गोडबोले परिणाम' म्हणतात. अशी यंत्रं आखताना तो विचारात घ्यावाच लागतो. अब्जावधींच्या यंत्राचा आराखडा कागदावरच्या गणितानं बदलायचा, ही साधी गोष्ट नाही.

नोबेल त्यांना मिळालं नाही, पण मान भरपूर मिळाला. २०१९ मध्ये पद्मश्री, २०२१ मध्ये फ्रान्सचा राष्ट्रीय सन्मान. विकसनशील देशांच्या विज्ञान अकादमीनेही त्यांना फेलो निवडलं. ही अकादमी १९८३ मध्ये इटलीतल्या त्रिएस्ते शहरात डॉ. अब्दुस सलाम यांनी उभी केली होती. होय, तेच सलाम, ज्यांना विद्युतचुंबकीय बल आणि क्षीण अणुबल मुळात एकच आहेत हे दाखवल्याबद्दल ग्लॅशो आणि वाइनबर्ग यांच्यासोबत १९७९ चं नोबेल मिळालं. त्यांच्या सिद्धांतात सांगितलेले डब्ल्यू आणि झेड कण १९८३ मध्येच जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत सापडले. गरीब देशांतल्या हुशार पोरांना संशोधनासाठी घर कायमचं सोडावं लागू नये, ही सलाम यांची तळमळ होती.

गोडबोले बाईंनाही अशीच तळमळ होती, मुलींसाठी. २००८ मध्ये राम रामस्वामी यांच्यासोबत त्यांनी 'लीलावतीज डॉटर्स' हे इंग्रजी पुस्तक संपादित केलं. भारतातल्या जवळपास शंभर स्त्री-शास्त्रज्ञांच्या कहाण्या त्यात आहेत. घर, लग्न, मुलं, लोकांचे टोमणे, सगळं आलंय. आमच्या मते लेकीच्या हाती देण्याआधी हे पुस्तक अब्बांनीच वाचावं, किंवा कुणाकडून ऐकावं.

२५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

ज्यांची मुलगी फिजिक्समध्ये एम.एस्सी.ला पोहोचली आहे, त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या 'विज्ञान विदुषी' या उपक्रमाची चौकशी जरूर करावी. तो फक्त मुलींसाठी आहे.