क्रॉस कंट्री स्कीइंग : हवामान आणि मेणाची निवड

हिवाळी ऑलिम्पिकमधील क्रॉस कंट्री स्कीइंग हा शरीराची कसोटी पाहणारा क्रीडाप्रकार मानला जातो. चढ, उतार आणि सपाटी अशा मिश्र मार्गावर स्पर्धक केवळ स्वतःच्या बळावर कित्येक किलोमीटरचे अंतर कापतो. त्याची स्की आणि हिम यांच्यामध्ये असतो तो मेणाचा एक पातळ थर. हा थर त्या दिवसाच्या हवामानाशी जुळला तर श्रम सार्थकी लागतात. तो जुळला नाही तर जगज्जेत्या संघालाही मागे पडावे लागते.

रशियातील सोची येथे २०१४ साली झालेल्या ऑलिम्पिकमध्ये याचा प्रत्यय आला. नॉर्वेच्या महिला संघाने २०१० च्या ऑलिम्पिकमध्ये तसेच २०११ आणि २०१३ च्या जागतिक स्पर्धांत रिलेचे सुवर्णपदक मिळवले होते. १५ फेब्रुवारी २०१४ रोजी हाच देश महिलांच्या रिलेत पाचव्या क्रमांकावर राहिला. दुसऱ्या दिवशी नॉर्वेचे पुरुष चौथे आले. दोन्ही सुवर्णपदके शेजारच्या स्वीडनने पटकावली. पर्वतावरील मार्गावर त्या दिवसांत उबदार हवा होती आणि नॉर्वेच्या खेळाडूंच्या स्की प्रतिस्पर्ध्यांइतक्या घसरत नव्हत्या. त्यामुळे मेण लावणाऱ्या पथकाचे निर्णय हा त्या देशात जाहीर चर्चेचा विषय झाला. याच स्पर्धेत नॉर्वेने क्रॉस कंट्रीची पाच सुवर्णपदके जिंकली होती, हे लक्षात घेतले म्हणजे मेणाच्या निवडीचे महत्त्व ध्यानात येते.

मेणाचे दोन प्रकार

क्रॉस कंट्री शर्यतींच्या दोन शैली आहेत. क्लासिक शैलीत दोन्ही स्की मार्गात कोरलेल्या समांतर चाकोऱ्यांतून पुढे सरकतात. फ्री स्टाइल शैलीत स्पर्धक बर्फावरील स्केटिंगप्रमाणे पाय तिरके मारत जातो. अमेरिकेच्या बिल कॉक याने १९८० च्या दशकाच्या आरंभी ही दुसरी पद्धत लोकप्रिय केली. १९८५-८६ च्या हंगामापासून दोन्ही शैलींच्या शर्यती स्वतंत्रपणे होऊ लागल्या.

फ्री स्टाइलच्या स्कीला संपूर्ण तळावर घसरण वाढवणारे मेण लावतात. क्लासिक स्कीची गरज दुहेरी असते. ती पुढे घसरली पाहिजे आणि चढावर पाय रेटताना हिमाला धरूनही राहिली पाहिजे. त्यासाठी टोकांकडील भागांवर घसरणीचे मेण लावले जाते, तर मधल्या भागावर, म्हणजे टाचेपासून पुढे साधारण अर्ध्या मीटरच्या पट्ट्यात, पकडीचे मेण लावले जाते. स्कीला कमानीसारखा बाक असतो. वजन दोन्ही पायांवर विभागलेले असताना हा मधला भाग हिमापासून किंचित वर राहतो. सर्व भार एका पायावर पडला की तो दाबला जातो आणि हिमकणांची टोके मेणात रुतून क्षणभर पकड मिळते.

मेण प्रमाणाबाहेर कडक असेल तर हिमकण त्यात रुतत नाहीत आणि चढावर स्की मागे घसरते. ते प्रमाणाबाहेर मऊ असेल तर रुतलेले कण सुटत नाहीत, तळाला हिम चिकटत जाते आणि स्की जड होऊन थांबते. योग्य मेण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते आणि ते नेमके कोठे आहे हे हवामान ठरवते.

घर्षण आणि पाण्याचा थर

स्की घसरते तेव्हा घर्षणाच्या उष्णतेने तिच्याखाली पाण्याचा अतिशय सूक्ष्म थर तयार होतो आणि तो वंगणाचे काम करतो. तापमान शून्याच्या थोडे खाली असताना हा थर योग्य जाडीचा राहतो. त्यामुळे अशा दिवशी वेगही चांगला मिळतो.

कडाक्याच्या थंडीत पुरेसे पाणी निर्माण होत नाही. हिमकण कठीण आणि धारदार असतात आणि मार्ग वाळूसारखा खरखरीत लागतो. कणांच्या टोकांनी तळ ओरखडू नये म्हणून अशा वेळी कडक मेण वापरावे लागते. याउलट शून्याच्या वर हिमात पाणी साचते. पाण्याचा थर जाड झाला की तो स्कीला खाली ओढून धरतो. ओल्या काचेवर ठेवलेली दुसरी काच सहज उचलता येत नाही, तसाच हा प्रकार असतो. तेव्हा पाण्याला दूर सारणारे मऊ मेण उपयोगी पडते. त्याच्या जोडीला स्कीच्या पॉलिथिलिनच्या तळावर बारीक रेघांची नक्षी कोरलेली असते. थंड आणि कोरड्या हिमासाठी नाजूक, तर पाणीदार हिमासाठी ठसठशीत नक्षी निवडतात. या रेघांमुळे पाण्याचा सलग थर तुटतो.

घसरणीचे मेण इस्त्रीने वितळवून तळात मुरवतात. ते थंड झाल्यावर वरचा थर खरवडून काढतात आणि ब्रशने रेघा मोकळ्या करतात. मेण जितके कडक, तितकी इस्त्री अधिक तापवावी लागते. हे तापमान साधारण ११० ते १६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. इस्त्री एका जागी थांबली तर तळ जळतो आणि पुढे मेण धरत नाही.

तापमापकाची मर्यादा

मेणाच्या डबीवर तापमानाची मर्यादा छापलेली असते. त्यामुळे हवेचे तापमान पाहून डबी उचलावी, असे नवख्यांना वाटते. प्रत्यक्षात स्कीचा संबंध हवेशी नसून हिमाशी येतो आणि या दोहोंचे तापमान नेहमी सारखे नसते.

निरभ्र रात्री हिमाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे सोडतो आणि हवेपेक्षाही थंड होतो. सकाळी ऊन पडल्यावर हवा लवकर तापते, हिम मात्र मागे राहते. कोरड्या हवेत बाष्पीभवनामुळे हिमातील उष्णता निघून जाते. परिणामी हवेचे तापमान शून्याच्या वर असूनही हिम कोरडे राहू शकते. हिमाचे स्वतःचे तापमान शून्याच्या वर कधीच जात नाही. हवा २ अंश असो वा ९ अंश, वितळणारे हिम शून्य अंशावरच असते. तेथून पुढे त्यातील पाण्याचे प्रमाण हाच निकष उरतो.

म्हणून जाणकार तंत्रज्ञ दोन वेगळ्या नोंदी घेतात. हवेचे तापमान सावलीत मोजले जाते. हिमाचे तापमान पृष्ठभागालगत, तापमापकावर ऊन पडू न देता घेतले जाते. आर्द्रताही पाहिली जाते. तापमान तेच असले तरी हवा दमट असेल तर तुलनेने मऊ आणि पाणी झटकणारे मेण लागते, कोरड्या हवेत अधिक कडक मेण चालते. हिमाचा ओलावा पाहण्याची सर्वांत सोपी चाचणी हाताची आहे. मुठीत दाबल्यावर हिमाचा भुगा झाला तर ते कोरडे, गोळा झाला तर ओलसर आणि पाणी ठिबकले तर ओले समजावे.

हिमाचे वय

नुकत्याच पडलेल्या हिमकणांना तीक्ष्ण टोके असतात. ती मेणात सहज शिरतात, म्हणून ताज्या हिमावर पकडीचे मेण थोडे कडक घेतात. दिवस जातात तसे वारा, दाब आणि तापमानातील चढउतार यांमुळे कण झिजून गोलसर होतात. त्यांना धरण्यासाठी मऊ मेण लागते. एकदा वितळून पुन्हा गोठलेल्या मार्गावर कण खड्यासारखे होतात आणि साधे मेण काही अंतरातच घासून निघून जाते. तेथे क्लिस्टर हे डिंकासारखे चिकट मेण वापरतात. नॉर्वेच्या पीटर ऑस्टब्यू यांच्या १९१३ च्या शोधापासून क्लिस्टर प्रचारात आले. मात्र क्लिस्टर लावलेल्या स्कीवर ताजे हिम पडू लागले तर ते तळाला घट्ट चिकटते आणि शर्यत जवळपास संपुष्टात येते.

यंत्राने तयार केलेल्या कृत्रिम हिमाचे वर्तनही वेगळे असते. ते गोठलेल्या थेंबांचे बनलेले, दाट आणि कठीण असते. त्याने मेण लवकर झिजते. बीजिंग येथील २०२२ च्या ऑलिम्पिकमध्ये क्रॉस कंट्रीचे मार्ग जवळजवळ पूर्णपणे अशाच हिमाचे होते. तेथे पुरुषांची ५० किलोमीटरची शर्यत थंडी आणि वाऱ्यामुळे २८.४ किलोमीटरवर आणावी लागली होती.

रंगांची खूण

पूर्वी डांबर, मेण आणि राळ यांची मिश्रणे ज्याची त्याने घरी शिजवायची, असा प्रघात होता. १९३६ च्या ऑलिम्पिकमधील पदकविजेते स्वीडनचे मार्टिन मात्सबू यांनी आस्त्रा या औषधनिर्माण कंपनीच्या साहाय्याने ही विद्या प्रयोगशाळेत नेली. १९४६ साली स्विक्स या नावाने हिरवी, निळी आणि लाल मेणे बाजारात आली. ही रंगांची खूण आजही रूढ आहे. ताज्या हिमासाठी हिरवे मेण सुमारे उणे ८ ते उणे १५ अंश, निळे उणे २ ते उणे १० अंश, जांभळे शून्याच्या आसपास आणि लाल शून्य ते ३ अंशांपर्यंत वापरले जाते. या मर्यादा उत्पादकागणिक बदलतात आणि एकमेकींत मिसळतात. त्यामुळे रंग हा निवडीचा आरंभबिंदू समजला जातो.

सर्वांत अवघड दिवस शून्य अंशाचा. ताजे हिम पडत आहे, सावलीत ते कोरडे आणि उन्हात ओले आहे, अशा वेळी एकाच शर्यतीत मेण कधी निसटते तर कधी गोठते. यावर उपाय म्हणून काही खेळाडू मधला भाग कागदाने घासून खरखरीत केलेली स्की वापरतात आणि पकडीचे मेण टाळतात. लांब पल्ल्याच्या शर्यतींत आणखी एक मार्ग निघाला आहे. स्वीडनमधील सेलेन ते मुरा ही ९० किलोमीटरची वासालोपेट शर्यत १९२२ पासून होते. नॉर्वेचा योर्गेन ऑकलँड २०१३ मध्ये पकडीचे मेण न लावता, केवळ हातातील काठ्यांच्या रेट्यावर ती जिंकला. तेव्हापासून अनेक आघाडीच्या खेळाडूंनी ही पद्धत स्वीकारली.

निर्णयाची रीत

शर्यतीच्या दिवशी निवड टप्प्याटप्प्याने होते. तंत्रज्ञ प्रथम मार्गाची पाहणी करतात. जंगलातील सावली, उघडा माथा, खोलगट भाग आणि सर्वांत कठीण चढ यांच्या नोंदी घेतल्या जातात. त्यानंतर सारख्याच स्कींवर वेगवेगळी मेणे लावून एकाच उतारावर त्यांची घसरण तपासली जाते. पकडीची परीक्षा चढावर होते. शेवटी स्पर्धक स्वतः दोन-तीन जोड चालवून पाहतो.

हा निर्णय चाचणीच्या वेळचा नसून शर्यतीच्या वेळचा असतो. सकाळी आठला उत्तम ठरलेली स्की दुपारी एकला कुचकामी ठरू शकते. त्यामुळे तापमान चढते आहे की उतरते आहे, ढग येणार की ऊन पडणार, याचा अंदाज मोजणीइतकाच मोलाचा असतो. शंका असल्यास कडक मेणापासून सुरुवात करावी, असा जुना संकेत आहे. कडक मेणावर मऊ मेणाचा थर बसतो, मऊ मेणावर कडक थर नीट बसत नाही. मेण एकदम जाड न लावता पातळ थरांत लावून प्रत्येक थर बुचाने घोटतात.

फ्लोरिनबंदीनंतर

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून फ्लोरिनयुक्त मेणांनी या शास्त्राचे स्वरूप पालटले. ओल्या आणि मळक्या हिमावरही ती वेगाने घसरत. मात्र ही रसायने निसर्गात सहज नष्ट होत नाहीत. मेण लावणाऱ्या तंत्रज्ञांच्या रक्तात त्यांचे प्रमाण वाढलेले आढळले. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०१९ मध्ये बंदीचा निर्णय घेतला. विश्वासार्ह तपासणीअभावी ती लांबली आणि २०२३-२४ च्या हंगामापासून पूर्णपणे अमलात आली. आता स्कीच्या तळाची तपासणी अवरक्त किरणांच्या उपकरणाने केली जाते आणि मर्यादेपेक्षा अधिक फ्लोरिन आढळल्यास खेळाडू बाद ठरतो. फ्लोरिनचा आधार गेल्याने ओल्या हवामानात हिमाचे अचूक वाचन, तळावरील नक्षी आणि योग्य पॅराफिन यांचे मोल वाढले आहे.

भारतीय खेळाडूंपुढील आव्हान

भारताच्या ताशी लुंडुप यांनी २०१० मध्ये व्हँकुव्हर, नदीम इक्बाल यांनी २०१४ मध्ये सोची आणि जगदीश सिंह यांनी २०१८ मध्ये प्योंगचांग येथे क्रॉस कंट्रीत भाग घेतला. इक्बाल यांची १५ किलोमीटर क्लासिक शर्यत नॉर्वेच्या त्या अपयशी रिलेच्या ऐन आदल्या दिवशी, त्याच उबदार हवेत झाली होती. उष्मा इतका होता की काही खेळाडू आखूड बाह्यांच्या पोशाखात धावले.

सुमारे २,६५० मीटर उंचीवरील गुलमर्ग येथे २०२० पासून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा होत आहेत आणि त्यांत या प्रकाराचा समावेश आहे. युरोपातील उत्तरेकडील देशांच्या तुलनेत काश्मीरमधील ऊन प्रखर असते. रात्री गोठलेला मार्ग दुपारी पाणीदार होतो. त्यात हिमवर्षावही बेभरवशाचा झाला आहे. २०२५ साली गुलमर्गची स्पर्धा अपुऱ्या हिमामुळे फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावी लागली. उशिराच्या हंगामातील असे जुने, वितळून पुन्हा गोठणारे हिम मेणाच्या निवडीची कठीण परीक्षा घेते.

मोठ्या संघांकडे मेण लावण्यासाठी सुसज्ज वाहने आणि प्रत्येक खेळाडूसाठी स्कींचे अनेक जोड असतात. ही साधने सर्वांना परवडणारी नाहीत. परंतु हिमाचे तापमान मोजणे, मुठीत हिम दाबून ओलावा पाहणे, मार्गाची आणि निकालाची रोज नोंद ठेवणे यांस फारसा खर्च येत नाही. अशा नोंदींची वही काही हंगामांत भरली की त्या मार्गापुरती ती कोणत्याही डबीवरील छापील मर्यादेपेक्षा अधिक भरवशाची ठरते.