एक ऊर, अनेक घराणी

माणसाच्या आडनावावरून त्याचे कूळ हुडकण्याची हौस आपल्याकडे फार. गावाच्या नावावरून त्याची मालकी ठरविण्याची हौस त्याहून घातक. या दुसऱ्या हौशीपायी सीमेवरच्या लोकांना बरेच सोसावे लागले आहे. म्हणूनच फराळाचे ताट बाजूला सारून वाचकांनी घटकाभर एका इवल्याशा शब्दाकडे पाहावे, अशी माझी विनंती आहे. तो शब्द म्हणजे 'ऊर'.

मराठी माणसाला त्याचा अर्थ सांगायला नको. ऊर म्हणजे छाती. संस्कृत 'उरस्' हे त्याचे मूळ. दिवाळीला लेक माहेरी आली की आईचा ऊर भरून येतो, नातवंडाला ती उराशी धरते, आणि सण सरला की सावकार उरावर बसतो! पण संस्कृतातच 'ऊरु' असा दुसरा शब्द आहे आणि त्याचा अर्थ मांडी. भासाचे 'ऊरुभंग' हे नाटक गणपतिशास्त्री यांनी १९१२ साली त्रिवेंद्रमहून छापून प्रसिद्ध केले. त्यात मोडते ती दुर्योधनाची मांडी, छाती नव्हे. एखाद्या कानडी गृहस्थाने मात्र नुसते नाव ऐकले, तर कुठलेसे गाव उद्ध्वस्त झाले असे त्याला वाटायचे. कारण कानडीत आणि तेलुगूत 'ऊरु' म्हणजे गाव.

हा घोटाळा केवळ पुस्तकी नाही. सोलापूरहून अक्कलकोटच्या वाटेला लागले की दक्षिण सोलापूर तालुक्यातले कुंभारी लागते. गावाच्या नावात आपल्याला कुंभार ऐकू येतो. कानडी माणूस त्यालाच 'कुंबार' म्हणतो, तेलुगू माणूस 'कुम्मरि'. तिन्ही शब्द संस्कृत 'कुंभकार' या एकाच मडक्यातून निघालेले. या कुंभारीच्या शिवारात २००६ साली विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिला गोदूताई परुळेकरांचे नाव दिले आहे. जवळच रे नगर वसले आणि तिथल्या पंधरा हजार घरांचे वाटप २०२४ च्या जानेवारीत झाले. सोलापुरातल्या विडी कामगार बाया पुष्कळशा तेलुगू बोलणाऱ्या, विणकरी करणाऱ्या पद्मशाली घराण्यांतल्या. त्यांचे वाडवडील हातमागाच्या आणि गिरण्यांच्या आधाराने तेलंगणातून इकडे आले.

मी या भागात हिंडताना एक प्रश्न वारंवार ऐकला आहे : "मी ऊरु एदि?" मराठी कान दचकतो. बोलणारी बाई स्वतःविषयी आणि स्वतःच्या छातीविषयी काही सांगते आहे की काय? पण तेलुगूत 'मी' म्हणजे 'तुमचे'! प्रश्न साधा आहे : तुमचे गाव कोणते? शेजारची कानडी आजी हेच विचारते, "निम्म ऊरु यावुदु?" आणि उत्तर देणारी, जन्म सारा सोलापुरात गेला तरी, पुष्कळदा पणजोबांचे तेलंगणातले गाव सांगते. घर कुंभारीला, ऊरु तिकडे.

आता इतिहासाकडे वळू. लातूर, रायचूर, गुंटूर, नेल्लूर, तंजावूर ही नावे घ्या. शेवटी 'ऊर' दिसला की ते गाव मूळचे द्राविडी, असा हिशेब पुष्कळजण करतात. तो सर्वस्वी चूक नाही. चोळांच्या राज्यात तर गावाच्या सभेलाही 'ऊर' म्हणत; म्हणजे शब्दात घरांबरोबर माणसेही आली. आपल्या भोसल्यांनी सतराव्या शतकात तंजावूर घेतले, १८५५ पर्यंत तिथे राज्य केले, आणि बोलताना त्याचे 'तंजावर' करून तो ऊर गिळून टाकला!

पण दुसरी वाटही आहे. प्राकृतात दोन स्वरांमधला 'प' गळून पडतो. 'नूपुर' याचे 'णेउर' झाले ते असेच. याच रीतीने 'पुर' याचेही 'उर' होते. माळव्यातल्या इंदूरची व्युत्पत्ती 'इंद्रपूर' अशी सांगतात; आणि तेलंगणातल्या निजामाबादचे जुने नावही इंदूरच. शेपूट सारखे दिसले म्हणून कूळ एक ठरत नाही. लातूरची तर आणखी मौज. नवव्या शतकातला राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष शिलालेखात 'लत्तलूरपुर' या नगराचा स्वामी म्हणवून घेतो. आधी 'ऊर', त्यावर 'पुर'. गावालाच पुन्हा गाव म्हटले आहे. जुन्या नावाचा अर्थ नव्या भाषेत विरला की असे घडते.

ही चर्चा पंडितांपुरती राहिली असती तर हरकत नव्हती. राजवाडे ग्रामनामांची मुळे संस्कृतात शोधीत, शं. बा. जोशी यांनी १९५२ साली महाराष्ट्राच्या नावागावांतले कानडी थर दाखविले. पुढे १९५६ साली भाषावार राज्ये झाली, आणि १९६७ च्या महाजन आयोगाने अक्कलकोट तालुका व दक्षिण सोलापुरातील काही गावे कर्नाटकाला द्यावीत अशी शिफारस केली. महाराष्ट्राने ती मानली नाही. अशा वादात गावाचे नाव साक्षीदार म्हणून उभे केले जाते. पण त्याची साक्ष किती धरायची? याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग कुडल येथे शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी ओळ असलेला शिलालेख आहे. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. आणि पुढच्याच शतकात सोलापूरच्या सिद्धरामांनी वचने रचली ती कानडीत. हजार वर्षांपूर्वीही ही भूमी एका भाषेची नव्हती.

नुसत्या आवाजाने माणूस किती दूर वाहवतो, पाहा. इराकमधल्या प्राचीन 'ऊर' नगराचे लिओनार्ड वुली यांनी १९२२ ते १९३४ उत्खनन केले. सुमेरी भाषेत नगराला 'उरु' म्हणत. झाले, आपला ऊरु तिथूनच आला, किंवा इथून तिकडे गेला, असे म्हणायला जीभ शिवशिवते! पण त्या नगराचे सुमेरी नाव 'उरिम'. आणि सुमेरी भाषेचे दुसऱ्या कोणत्याही भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही. हंगेरीत 'ऊर' म्हणजे साहेब, बास्क भाषेत 'उर' म्हणजे पाणी. जर्मनीत 'ऊर' म्हणजे घड्याळ. ते लॅटिन-ग्रीक 'होरा'वरून आले. आपल्या जोशीबुवांचा होराही त्याच ग्रीक शब्दाचा! म्हणजे जर्मन घड्याळाचा खरा भाऊबंद आपला ऊर नव्हे, तर ज्याचा आवाज मुळीच जुळत नाही तो होरा.

तात्पर्य इतकेच की शब्दाचा चेहरा पाहून सोयरीक जुळवू नये. त्याचे जुन्यात जुने रूप लेखात काय आहे ते पाहावे, आणि मग बोलावे. नावाने गावाचा इतिहास थोडाफार कळतो. त्यावर हक्क कोणाचा, ते तिथे राबणाऱ्या माणसांकडे पाहून ठरते. या दिवाळीत घरची वडील मंडळी एकत्र जमतील, तेव्हा आपल्या गावाचे जुने नाव त्यांना अवश्य विचारा. ते मराठी निघो, कानडी निघो की तेलुगू, उत्तर ऐकताना ऊर मात्र आपलाच भरून येईल.