अलंकारशिक्षण, महाराष्ट्रातील

उपमा, रूपक, यमक, श्लेष इ. उक्तिविशेषांना भारतीय साहित्यशास्त्रात अलंकार ही संज्ञा आहे. अलंकार ओळखण्याचे आणि योजण्याचे शिक्षण महाराष्ट्रात दोन वेगवेगळ्या मार्गांनी होत आले. एक मार्ग पाठशाळेचा व ग्रंथांचा, तर दुसरा कीर्तन, निरूपण आणि जात्यावरील ओव्या यांचा. पहिल्यात अलंकाराचे नाव व लक्षण यांना प्राधान्य होते. दुसऱ्यात नाव न घेताच त्याचा वापर आत्मसात होई. हे दोन मार्ग परस्परांपासून बव्हंशी अलग राहिले व त्याचा परिणाम शालेय शिक्षणावरही झाला.

भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक व यमक हे चारच अलंकार सांगितले आहेत. पुढे दंडी, मम्मट इ. आचार्यांनी त्यांची संख्या वाढवली आणि सोळाव्या शतकातील अप्पय दीक्षिताच्या कुवलयानंद ग्रंथात ती शंभरावर गेली. हा ग्रंथ जयदेवाच्या चंद्रालोकावर आधारलेला आहे. चंद्रालोकात सामान्यतः एकाच श्लोकाच्या पूर्वार्धात अलंकाराचे लक्षण व उत्तरार्धात उदाहरण येते. पाठांतरास ही रचना फार सोयीची असल्याने अध्ययनात तिचा मोठा प्रसार झाला. अप्पय दीक्षिताने चित्रमीमांसेत उपमेला निरनिराळ्या भूमिका घेणाऱ्या नटीची उपमा दिली आहे. ‘मुख चंद्रासारखे आहे’ ही उपमा. ‘मुख हा चंद्रच’ हे रूपक. ‘हे मुख नव्हे, चंद्र आहे’ ही अपन्हुती. ‘चंद्राहूनही मुख सुंदर’ हा व्यतिरेक. एकाच कल्पनेची मांडणी पालटून अलंकारांतील भेद दाखविण्याची ही पद्धत अध्यापनाच्या दृष्टीने आजही उपयुक्त आहे.

पेशवाईच्या अस्तानंतर 1821 मध्ये पुण्यातील विश्रामबागवाड्यात दक्षिणा निधीतून संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तेथे न्याय, धर्मशास्त्र, व्याकरण यांबरोबर अलंकारशास्त्रही शिकविले जाई. कृष्णशास्त्री चिपळूणकर (1824–78) हे तेथेच शिकले. प्रारंभी या पाठशाळेत ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच प्रवेश होता, तसेच अध्ययनाचे ग्रंथ संस्कृत होते. त्यामुळे अलंकारांची शास्त्रीय परिभाषा बहुसंख्य समाजाच्या, विशेषतः स्त्रियांच्या, आवाक्याबाहेरच राहिली.

परंतु परिभाषा दूर राहिली, तरी विद्या दूर राहिली नाही. तेराव्या शतकात चक्रधरांनी सामान्यांना समजतील असे दृष्टांत मराठीत सांगितले. केसोबासाने त्यांतील 114 दृष्टांत दृष्टांतपाठात संकलित केले. त्यात सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक अशी त्रिविध मांडणी आहे : आधी सिद्धांत, मग दाखला आणि शेवटी दाखल्याचा सिद्धांताशी मेळ. ज्ञानेश्वरीत (1290) एकाच विचारासाठी उपमांची मालिका योजण्याची रीत जागोजागी आढळते. हे ग्रंथ निरूपणातून व कीर्तनातून निरक्षर श्रोत्यांपर्यंत पोचले.

स्त्रियांची पाठशाळा जात्यापाशी भरे. पुण्याच्या पश्चिमेकडील मुळशी तालुक्यातील गावांत, इतरत्र महाराष्ट्रात होई त्याप्रमाणेच, पहाटे दळण दळताना ओव्या गाइल्या जात. आईकडून मुलीकडे व सासूकडून सुनेकडे त्या जात. गाणारीला चरणांती यमक जुळवावे लागे. पहिल्या ओळीतील वस्तूचे नाते दुसऱ्या ओळीतील माणसाशी जोडावे लागे. परसातील झाड, विहिरीचे पाणी, अंगावरचा दागिना ही उपमाने. आई, भाऊ, माहेर, पंढरीचा विठ्ठल ही उपमेये. सासरचे दुःख उघड बोलण्याची सोय नसे. ते रूपकाच्या किंवा अन्योक्तीच्या आडून सांगता येई. येथे अलंकार ही भाषेची केवळ सजावट नव्हती, तर बोलण्याची वाट होती. पिठाच्या गिरण्या आल्यावर ही परंपरा क्षीण झाली. हेमा राईरकर व गी पॉयटव्हँ (1934–2004) यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुळशी व मावळ भागांतून या ओव्यांच्या संकलनास चालना दिली. पुढे महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेण्यात आल्या.

छापील मराठी पुस्तकांमुळे दोन्ही मार्ग एकत्र येण्याची संधी निर्माण झाली. परशुरामपंत गोडबोले यांच्या नवनीत (1854) या वेच्यांच्या संग्रहातून वामन पंडित, मोरोपंत इ. कवींची यमके व श्लेष विद्यार्थ्यांना परिचित झाले. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले यांचा काव्यफुले हा संग्रह निघाला. विसाव्या शतकात पां. वा. काणे यांनी साहित्यदर्पणाच्या आवृत्तीसोबत अलंकारशास्त्राचा इतिहास लिहिला, रा. श्री. जोग यांच्या अभिनव काव्यप्रकाशाने (1930) व ग. त्र्यं. देशपांडे यांच्या भारतीय साहित्यशास्त्राने (1958) हा विषय मराठीत विवेचिला. जात्यावरील ओवी मात्र लोकसाहित्याच्या दालनात राहिली. अलंकारविवेचनातील उदाहरणे प्रायः पंडिती व आधुनिक नागर काव्यातूनच घेतली गेली.

1967 मध्ये पुणे येथे पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ (बालभारती) स्थापन झाल्यावर राज्यभर समान मराठी पाठ्यपुस्तके मिळू लागली. मुळशी तालुक्यातील जांबे गावाच्या मुलाला आणि पुणे शहरातील मुलाला उपमेची तीच चार अंगे शिकावयास मिळाली : उपमेय, उपमान, साधारण धर्म व साम्यवाचक शब्द. ज्ञानाचे हे सार्वत्रिकीकरण महत्त्वाचे होय. तथापि परीक्षेत ‘अलंकार ओळखा’ या प्रश्नाला महत्त्व आल्याने नाव सांगता आले की विषय संपला, अशी समजूत रूढ झाली. पाठशाळेने दिलेली परिभाषा राहिली आणि जात्याने दिलेला सराव निसटला.

वास्तविक या दोहोंत विरोध नाही. आजीने म्हटलेल्या ओवीतील उपमेय-उपमान शोधणे व नंतर त्याच कल्पनेचे रूपक किंवा व्यतिरेक करून पाहणे यात दोन्ही परंपरांचा मेळ साधतो. लक्षणामुळे अलंकार ओळखता येतो. परंतु सांगण्यासारखे काही असल्यावाचून तो योजता येत नाही, हे ओवीपरंपरेवरून स्पष्ट होते.