फाफे मोठा का झाला?

आवडत्या पुस्तकावर सिनेमा येणार म्हटलं की पहिला आनंद आणि दुसरी धास्ती. २०१७ साली 'फास्टर फेणे' येणार हे कळलं तेव्हा माझं तेच झालं. सिनेमा वाईट नव्हता हे आधीच सांगते. चालला, गाजलाही. पण माझा हिरमोड झाला. तो का, हे इतक्या वर्षांनी नीट मांडता येतंय.

भा. रा. भागवतांचा (१९१०-२००१) बनेश फेणे हा फुरसुंगीचा पोरगा. पुण्यात विद्याभवन शाळेत शिकायला आलेला, काटकुळा, सायकलवर स्वार, तोंडाने 'ट्टॉक्' करणारा. ज्यूल व्हर्न मराठीत आणणाऱ्या, 'बालमित्र' मासिक चालवणाऱ्या भागवतांना अद्भुताची नस बरोबर ठाऊक होती. पण फाफेसाठी त्यांनी ना जादूची कांडी वापरली, ना राक्षस. ओळखीचं पुणेच अद्भुत करून टाकलं!

आम्हा कार्ल्याच्या मुलांना ते फार पटायचं. मळवलीला लोकल पकडली की पुणं काही लांब नाही, पण आमच्या दृष्टीने ती वेगळीच दुनिया. आणि तिथे आपल्यासारखाच एक खेड्यातला मुलगा नुसत्या सायकलच्या जोरावर बदमाशांना पुरून उरतो! मोठी माणसं त्याच्याकडे लक्षच देत नाहीत. पोर म्हणून दुर्लक्ष करतात आणि तिथेच फसतात. बन्याचं लहान असणं हेच त्याचं हत्यार.

१९८०च्या दशकात दूरदर्शनवर मालिका आली, तेव्हा सुमीत राघवन स्वतःच शाळा-कॉलेजच्या वयाचा होता. म्हणून तो खरा वाटला. आदित्य सरपोतदारांच्या सिनेमात मात्र अमेय वाघ. नट उत्तम, पण तिशीला टेकलेला! त्याचा बन्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला पुण्यात येतो आणि परीक्षेतल्या घोटाळ्याच्या मागे लागतो. दिलीप प्रभावळकरांनी खुद्द भागवतांची भूमिका केली, ही कल्पना मला मनापासून आवडली. गिरीश कुलकर्णींचा खलनायकही झकास. पण मोठ्या माणसाने मोठ्या गुंडाशी लढणं यात नवल ते काय? सिनेमात भूभू नावाचा एक चुणचुणीत पोरगा आहे, पण तो नायकाचा मदतनीस. शाळकरी मुलगा नायकाच्या जागेवरून खाली उतरला, तो असा.

गंमत म्हणजे सिनेमा आला त्याच ऑक्टोबरमध्ये फुरसुंगीचा समावेश पुणे महापालिकेत झाला. नायकही मोठा, गावही शहरात! (२०२४मध्ये उरुळी देवाचीसह फुरसुंगीची वेगळी नगरपरिषद झाली, ते असो.)

हे दुखणं आपल्यापुरतं नाही. रिक रायर्डनचा पर्सी जॅक्सन २००५च्या पुस्तकात बारा वर्षांचा आहे, २०१०च्या सिनेमात त्याला सोळा-सतराचा केला. वाचक नाराज झाले. २०२३च्या मालिकेत खरोखरच्या लहान मुलाला घेतलं, तेव्हा कुठे ते निवळले. कॅसांड्रा क्लेअरच्या न्यूयॉर्कमधल्या अद्भुतकथेवरचा 'सिटी ऑफ बोन्स' २०१३ला पडला, आणि ठरलेला पुढचा भाग निघालाच नाही.

निर्मात्यांचं गणित मला कळतं. पैसे गुंतवायचे तर कॉलेजची गर्दी हवी, ओळखीचा चेहरा हवा, जमलं तर थोडं प्रेमही हवं. पण त्या गणितातून नेमका दहा-बारा वर्षांचा वाचक वजा होतो.

माझ्या भाचीने आधी सिनेमा पाहिला. मग मी तिच्या हातात पुस्तक दिलं. चार पानं वाचून ती म्हणाली, "मावशी, हा तर शाळेत जातो!" तिच्या आवाजातला आनंद ऐकायला हवा होता. आपल्या वयाचा कुणी नायक असू शकतो, हेच तिला नवीन होतं.

म्हणून एकच विनंती. घरातल्या मुलांना सिनेमा जरूर दाखवा, पण त्याआधी पुस्तक द्या. त्यांचा बन्या त्यांना त्यांच्याच वयात भेटू दे.