स्पर्शिकेचा जुना रस्ता

बारावीच्या पुस्तकात इम्प्लिसिट डिफरन्शिएशन (यला वेगळं न काढता समीकरणाचंच अवकलन) येतं ते साखळी नियमाच्या मागून, जणू एक जोडयुक्ती म्हणून. इतिहासात क्रम बरोबर उलटा आहे.

१६३८ साली देकार्तने मर्सेनमार्फत फर्माला एक वक्र धाडला आणि स्पर्शिका काढून दाखवण्याचं आव्हान दिलं. क्षचा घन आणि यचा घन यांची बेरीज ही क्ष, य आणि एक ठरावीक संख्या यांच्या गुणाकाराएवढी, असं त्याचं समीकरण. यातून य एकटा बाहेर काढायचा तर त्रिघाती समीकरण सोडवण्याची कटकट. वर्तुळाच्या मदतीने स्पर्शिका काढण्याची देकार्तची स्वतःची रीत इथे फार किचकट होत होती. फर्माने मात्र स्पर्शिका काढून दिली. (रोबेरव्हालने वक्राची एकच पाकळी चारही चरणांत काढली आणि त्याला चमेलीचं फूल म्हटलं. फूल चुकीचं, नाव मात्र सुंदर!)

पुढचं पाऊल लिएजच्या एका धर्माधिकाऱ्याचं. रने फ्रान्स्वा द स्लूझचा नियम १६७३ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. क्षची पदं एका बाजूला, यची दुसऱ्या बाजूला. दोन्ही असलेलं पद चिन्ह बदलून दोन्हीकडे. मग प्रत्येक पदाला त्या-त्या अक्षराच्या घातांकाने गुणायचं आणि क्षच्या बाजूच्या प्रत्येक पदात एका क्षच्या जागी एक नवं अक्षर लिहायचं. स्पर्शबिंदूतून क्ष-अक्षावर लंब टाकला, तर त्याच्या पायापासून स्पर्शिका अक्षाला छेदते तिथवरचं अंतर म्हणजे ते अक्षर. सीमा नाही, अनंत नाही, निव्वळ हिशेब. देकार्तच्या वक्रावर करून पाहा, आजच्या रीतीचंच उत्तर येतं.

न्यूटनने १० डिसेंबर १६७२ च्या पत्रात कॉलिन्सला असाच नियम एका त्रिघाती समीकरणावर करून दाखवला होता. आपली रीत करणींपाशीही अडत नाही, हेही सांगितलं होतं. लाइबनित्सने १६८४ साली लाइपझिगच्या ‘आक्टा एरुडिटोरुम’मध्ये आपली पद्धत छापली, तिच्या लांबलचक शीर्षकातही अपूर्णांक आणि करणी आड येत नाहीत ही ग्वाही आहेच. खरी गोम पुढे आहे. न्यूटनच्या लेखी क्ष आणि य दोन्ही काळाबरोबर वाहणाऱ्या राशी. लाइबनित्सच्या लेखी दोघांच्याही सूक्ष्म वाढीचा दर्जा सारखाच. कोण कोणावर अवलंबून, हे ठरवायची गरजच नव्हती. समीकरण जसं असेल तसं, पद-पद घेऊन अवकलन करायचं. म्हणजे तेव्हा सगळंच अवकलन ‘इम्प्लिसिट’ होतं!

यला क्षचं फलन मानून त्याला मध्यभागी बसवलं ते ऑयलरने, १७४८ च्या ग्रंथात. तिथून जुनी वाट आडवाट झाली. ती कुठे चालते आणि कुठे नाही, याचा काटेकोर निवाडा पुढे एकोणिसाव्या शतकात पिसाच्या उलिसे दिनीने केला. देकार्तचा वक्र आरंभबिंदूत स्वतःलाच छेदतो. तिथे चढाच्या सूत्रात शून्य भागिले शून्य येतं, कारण तिथे स्पर्शिका दोन आहेत: दोन्ही अक्ष.

शिक्षकांना एक विनंती. वर्तुळाच्या स्पर्शिकेचा चढ शिकवताना वर्गमूळ काढून यला वेगळं करण्याची घाई करू नका. आधी समीकरण आहे तसंच ठेवून पद-पद अवकलन करून दाखवा. दोन ओळींत उत्तर येतं.